मागं बघायचं नाही

भाचा सैन्याचं ट्रेनिंग पुरं करून पहिल्यांदा सुट्टीवर आला, त्या संध्याकाळी मी बहिणीकडेच होतो. ओट्यावर चटई टाकून आम्ही चहा घेत होतो. आत बहीण शेवभाजीला फोडणी देत होती. काळ्या मसाल्याचा नाकात झोंबणारा वास बाहेरपर्यंत येत होता आणि भाचा उगाच आत डोकावून "माय, झाली का गं?" विचारत होता. तेवढ्यात दाजी शेतातून आले. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा त्यांनी गोठ्यापाशी टाकला, टॉवेलनं मान पुसली आणि ओट्याची पायरी चढले. भाचा ताडकन उभा राहिला. टाचा जुळलेल्या, मुठी पँटच्या शिवणीला, हनुवटी वर, नजर सरळ बापावर. दाजी पायरीवरच थबकले, एक पाय खाली आणि एक वर. क्षणभर दोघंही तसेच. मग दाजी म्हणाले, "बठ ना रे. उभा कसाले शे?" आणि हातपाय धुवायला म्हणून जे मोरीकडे गेले, ते बराच वेळ ओट्यावर आलेच नाहीत. त्यांच्यासाठी ओतलेला चहा निवून गेला.

बहिणीला यात काही वावगं दिसलं नाही. उलट तिला कौतुकच वाटलं, की पोरगं मोठ्यांचा मान ठेवायला शिकलं. मला मात्र ते दृश्य डोळ्यांपुढून हलेना. कारण या घरात मी बाप आणि मुलगा असे समोरासमोर कधीच पाहिले नव्हते. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत हे असंच चालतं. बाप पुढच्या दारानं आत आला, की पोरगं मागच्या दारानं गोठ्याकडं सटकतं. बोलायचं असेल ते आईच्या मार्फत. "आप्पाला सांग फी भरायचीय." "त्याले सांग मोटर चालू करी ये." तिरस्कार म्हणून नाही, आणि नुसती भीती म्हणूनही नाही. दोघांनी एका खोलीत थांबून करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नसतं. भाचा अठरा वर्षांचा होईपर्यंत याच चालीनं वाढला. आता तो उठला, पण गेला नाही, उभा राहिला. जायची पाळी दाजींवर आली.

एवढ्या महिन्यांत त्या पोरात नेमकं काय झालं, हे मला समजून घ्यायचं होतं. मेडल, फोटो, गावात लागलेला अभिनंदनाचा फलक, यातून ते कळणारं नव्हतं.

त्याची सुरुवात मी पाहिलेली आहे. गिरणेच्या या पट्ट्यात जामद्याच्या पाटाच्या कडेनं कच्चा रस्ता जातो. पहाटे त्या रस्त्यावर भरतीची पोरं धावतात. थंडीत पाटाच्या पाण्यावर वाफ धरलेली असते, कुठंतरी पऱ्हाट्या पेटवून शेकत बसलेल्या राखणदाराचा धूर जमिनीलगत पसरलेला असतो, आणि त्या धुरातून आधी बुटांचा आवाज येतो, मग श्वासांचा, आणि सगळ्यात शेवटी माणसं दिसतात. पाटाच्या मोऱ्यांवर चुन्यानं खुणा केलेल्या असतात. या मोरीपासून त्या मोरीपर्यंत गेलं आणि परत आलं, की 'सोळाशे' होतात. सोळाशे मीटर. ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण, त्यापुढं ५:४५ पर्यंत ४८, आणि त्यानंतर घरी. मग बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून अंग वर ओढायचं, दहा मारले तर ४०. मग नऊ फुटांचा खड्डा, उडी मारून ओलांडायचा. इथल्या पोरांच्या बोलण्यात हे आकडे असे येतात, जसे त्यांच्या बापांच्या बोलण्यात कापसाचे भाव. आता नियम थोडे बदललेत, वेळेचे गट वाढलेत, पण पाटावर अजून साडेपाच मिनिटांवरच सगळ्यांचा डोळा असतो.

भाच्याच्या पुढं त्याचा चुलतभाऊ धावायचा. अंगानं काटक, पावलं लांब, गावात त्याच्याइतका वेग कुणाचाच नव्हता. पण त्याची ऐन उमेदीची वर्षं कोरोनात गेली. दोन वर्षं भरतीचे मेळावे जवळजवळ बंदच होते. तो रोज पहाटे उठून धावत राहिला, आणि वय पुढं सरकत राहिलं. मग जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली, नियम नवे आले. त्या एका वर्षापुरती वयाची सवलत होती, तीही त्याला काही महिन्यांनी हुकली. आता तो सुरतेला एका कापडाच्या गोदामात कामाला आहे. खान्देशातून सुरतेला जाणारी गाडी कधी रिकामी नसते. सैन्यात गेलेल्यांची नावं आपण फलकांवर वाचतो. ज्यांचं सोळाशे कुणी मोजलंच नाही, त्या पोरांबद्दल मला जास्त वाटतं, आणि ते वाटणं भाच्याच्या आनंदातही माझ्या मनातून गेलं नाही.

चार वर्षांचा प्रश्नही घरात होताच. शंभरातली पंचवीस पोरं पुढं कायम होणार, बाकीची सेवानिधीची रक्कम घेऊन बाविशी-तेविशीत परत येणार. पारावर यावरून जोरात वाद झाले. बहिणीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "भाऊ, चार वर्षांनी काय?" मी तेव्हा काही बोललो नाही. आजही माझ्याकडं उत्तर नाही. पण पोरानं ठरवलं होतं, आणि पाटावरचं त्याचं धावणं बघितलेल्या माणसाला त्याला अडवायचा धीर झाला नसता.

ट्रेनिंग नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात. एकूण ३१ आठवडे. त्यातले पहिले १० सगळ्यांना सारखे, शरीर घडवायचे; पुढचे २१ ज्याच्या त्याच्या कामाचे. कुणी तोफेवर, कुणी वायरलेसवर, कुणी गाडीवर. भाचा तोफेवर. फोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. बहीण त्या दिवशी शेतात जायची नाही. पहिल्या महिन्यातले त्याचे फोन मला आठवतात. आवाज बसलेला, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "जी". जेवणाचं विचारलं तर म्हणायचा, भरपूर असतं, पण चावायला वेळ नसतो.

सुट्टीतल्या दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मी त्याला शेवटच्या परीक्षेबद्दल विचारलं. उन्हाळ्याचे दिवस. खालच्या खोल्यांच्या भिंती रात्रीसुद्धा हात लावता येणार नाही अशा तापलेल्या. आम्ही सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, झोपायला गेलो होतो. संध्याकाळी पाणी शिंपडलेलं असल्यामुळे धाब्याच्या मातीला ओला वास होता. दाजी पलीकडच्या टोकाला तोंडावर उपरणं घेऊन कधीच झोपले होते. भाचा उताणा पडून बोलत होता. आभाळाकडं बघत माणूस जास्त खरं बोलतो, असं मला वाटतं.

त्यांची ती परीक्षा म्हणजे बीपीईटी, लढाईसाठीच्या शारीरिक क्षमतेची चाचणी. पाठीवर पिट्ठू, कमरेला पट्टा, भरलेली पाण्याची बाटली, हातात चार किलोंच्या वर भरणारी रायफल, पायात जड बूट, आणि अशा सगळ्या जाम्यानिम्यानिशी ५ किलोमीटर. २५ मिनिटांच्या आत आला तर उत्तम. पुढं दीड-दीड मिनिटाच्या फरकानं खालचे दर्जे, आणि २८ नंतर नापास. ते झालं की ६० मीटरची वेगाची धाव, उभा दोर, आडवा दोर, आणि तोच नऊ फुटांचा खड्डा, पण आता सगळं ओझं अंगावर. "मामा, पाटावर आम्ही हलके धावायचो," तो म्हणाला. "तिथं पहिल्या किलोमीटरला पिट्ठू पाठीवर आपटतो. दुसऱ्याला पट्टे खांद्यात रुततात. तिसऱ्याला वाटतं, आता बस. चौथ्याला काहीच वाटत नाही. सगळ्यांच्या बुटांचा एकच आवाज यायला लागतो, त्यात आपले पाय कोणते ते कळत नाही."

मी विचारलं, सगळ्यात अवघड काय गेलं? मला वाटलं दोर म्हणेल. पाच किलोमीटर धावून आल्यावर घामानं निसटणारे हात, आणि त्या हातांनी शरीर आणि बंदूक दोन्ही वर ओढून न्यायचं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यानं त्याच्या बाजूच्या खाटेवरच्या पोराची गोष्ट सांगितली.

तो पोरगा बिहारचा, गंगेच्या काठच्या कुठल्याशा गावचा. वर्गात हुशार, निशाणा चांगला, स्वभावानं सगळ्यांचा लाडका. पण त्याची नडगी दुखायची. रोजच्या धावण्यानं, कवायतीनं, जड बुटांनी रंगरुटांच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो, हे दुखणं ट्रेनिंगमध्ये नवीन नाही. एमआय रूमला, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, गेलं तर डॉक्टर आराम लिहून देतात. आराम म्हणजे दिवस बुडाले, आणि फार दिवस बुडाले की 'रेलिगेट', म्हणजे आपली तुकडी पुढं जाते आणि आपण मागच्या तुकडीत. त्या भीतीनं त्यानं दुखणं लपवलं. रात्री बरॅकमध्ये दिवे गेल्यावर भाचा त्याच्या नडगीला तेल चोळून द्यायचा. परीक्षेच्या पहाटे दोघं शेजारी शेजारी उभे होते. तिसऱ्या किलोमीटरपर्यंत तो शेजारीच होता. मग त्याचा श्वास मागं पडायला लागला.

"उस्तादांनी शिकवलं होतं, पीछे मत देखना," भाचा म्हणाला. "मागं बघितलं की पाऊल तुटतं. मी नाही बघितलं."

भाचा २५ मिनिटांच्या आत पोचला. पोचून वळला, आणि मग रस्त्याच्या कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत ओरडत राहिला. तो पोरगा आला, लंगडत आला, पण वेळ संपून गेली होती. त्याच संध्याकाळी त्यानं आपली ट्रंक उचलली आणि मागच्या तुकडीच्या बरॅकमध्ये गेला. कसम परेडच्या आदल्या रात्री मात्र तो परत आला, कुणी न बोलावता. भाच्याच्या खाटेखालचे परेडचे बूट काढले आणि खाली मांडी घालून बसला. थुंकी लावून, कापडानं गोल गोल घासून, टोकात चेहरा दिसेपर्यंत चमकवले. भाचा नको म्हणत होता. तो म्हणाला, "कल मैदान में मेरा कुछ तो रहेगा."

धाब्यावर मग कुणी काही बोललं नाही. मला वाटतं भाचा रडला असावा, पण अंधार होता. मी पाहिलं नाही, आणि पाहायचा प्रयत्नही केला नाही.

कसम परेडला मीही गेलो होतो, तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चाळीसगावहून आम्ही गाडी पकडली. बहिणीनं खापरावरचे मांडे स्वच्छ धोतरात गुंडाळून घेतले होते आणि मनमाड येईपर्यंत ते मांडीवरून खाली ठेवले नाहीत. दाजींनी नवी टोपी घातली होती, आणि तिची कड ते सारखी बोटांनी नीट करत होते. परेडच्या मैदानाला हवालदार उमराव सिंग यांचं नाव आहे. डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या कलादान खोऱ्यात त्यांच्या तोफेवर हल्ला झाला. दारूगोळा संपला, साथीदार पडले, तेव्हा तोफेचा लोखंडी दांडा हातात घेऊन ते लढत राहिले. नंतर सापडले ते तोफेशेजारी, जखमी आणि बेशुद्ध, भोवती शत्रूची प्रेतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला हा माणूस हरियाणातल्या एका खेड्यातला. तोफखान्याला इतर पलटणींसारखं निशाण नसतं, तोफ हेच त्यांचं निशाण. म्हणून पोरांची शपथ तोफांच्या साक्षीनं होते. धर्मगुरू धर्मग्रंथ घेऊन उभे, बँड थांबलेला, आणि शेकडो कंठांतून एकाच वेळी निघणारी शपथ. जल, थल, आकाश, जिथं पाठवलं जाईल तिथं जाईन. जीव गेला तरी. ती ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी शेजारी बसलेल्या बहिणीची बोटं माझ्या मनगटात रुतली. 'जीव गेला तरी' हे शब्द तिनं नीट ऐकले होते. आजूबाजूला टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिनं वाजवल्या नाहीत.

मग आईबापांना गौरव पदक दिलं. दाजींनी ते दोन्ही हातांत, प्रसाद घेतात तसं घेतलं. अधिकारी काहीतरी चांगलं बोलला, दाजींनी मान हलवली. खुर्चीवर परत येऊन बसल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "मना पोऱ्या आते सरकारना झाया." त्या वाक्यात अभिमान होता, यात शंका नाही. पण दुसरंही काही होतं, जे मला तेव्हा ओळखता आलं नाही.

धाब्यावरच्या त्या रात्रीनंतर मला आमच्याच मुलखातली एक जुनी हकिकत सारखी आठवत राहिली. १८२५ मध्ये इंग्रजांनी खान्देशात भिल्ल पलटण उभारली. तिचं ठाणं धरणगावला. जेम्स आउट्राम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं डोंगरांत जाऊन, त्यांच्यात राहून, त्यांच्यासोबत शिकार करून ही माणसं जमवली. ज्यांना सगळे लुटारू म्हणत, त्यांना कवायत शिकवली. मग त्यांना मालेगावच्या छावणीत नेलं. खरी कसोटी तिथं होती, आणि ती धावण्याची किंवा निशाण्याची नव्हती. आउट्रामच्या स्वतःच्या पलटणीतले उच्च जातींचे शिपाई यांना कसं वागवतील, एवढाच प्रश्न होता. त्यांनी भिल्लांची टर उडवली नाही. शेजारी बसवून घेतलं, खाऊ घातलं, गप्पा मारल्या. त्यानंतर ती माणसं खऱ्या अर्थानं शिपाई झाली. या हकिकतीची दुसरी बाजू मला कधी विसरता येत नाही. ही पलटण इंग्रजांनी उभारली ती त्याच डोंगरातल्या, त्यांच्याच भाऊबंदांना काबूत आणण्यासाठी. आणि सातपुड्याचा घाट राखायला इंग्रजांनीच नेमलेला खाजा नाईक १८५७ मध्ये त्यांच्यावर उलटला. १८५८ च्या एप्रिलमध्ये अंबापाणीला भिल्लांनी मोठी लढाई दिली. माणूस शिपाई होतो तेव्हा तो कुणाचा होतो आणि कुणाचा उरत नाही, हा प्रश्न आमच्या मातीत निदान दोनशे वर्षं तरी जुना आहे. माझा भाचा स्वतंत्र देशाचा शिपाई आहे, ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती मी मनापासून मानतो. तरी शेजारच्या खाटेवरचा पोरगा बूट चमकवायला खाली बसतो, तेव्हा भाचा त्या पलटणीचा झाला, असं मला वाटतं. शपथ दुसऱ्या दिवशीची.

आणि त्या रात्रीनंतर ओट्यावरचं उभं राहणंही मला वेगळं दिसायला लागलं. मला आधी वाटलं होतं, सवय आहे, वरिष्ठ आला की उठायचं. पण सुट्टीभर मी बघत होतो. माझ्यासाठी तो उठायचा नाही, सरपंचासाठीही नाही. फक्त बापासाठी. आणि उठून निघून जायचा नाही. "आप्पा, विहिरीचं पाणी किती खाली गेलं?" असं काहीतरी विचारायचा आणि उत्तराची वाट बघत थांबायचा. दाजी पहिले काही दिवस एका शब्दात बोलून बाजूला व्हायचे. मग दोन वाक्यं यायला लागली. एके दिवशी तर दोघं मोटरीचा स्टार्टर उघडून तासभर उन्हात बसलेले मी पाहिले. पोरगं पाना देत होतं, बाप ओरडत होता, "तो नही, दुसरा दे." बहीण दाराआडून बघत होती आणि मला खुणेनं सांगत होती, बोलू नको, जाऊ नको तिकडं.

पहाटे तो पाटावर जायचा. आता तिथं मुलीही धावतात. २०२१ मध्ये बंगळूरला मिलिटरी पोलिसांतल्या ८३ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हापासून आमच्याकडच्या घरांत हा विषय निघायला लागला. भाचा त्यांना चुन्याच्या खुणेवर उभं करून वेळ लावायचा. पण नडगी दुखतेय म्हणून कुणी सांगितलं, की त्या पोराला किंवा पोरीला तो त्या दिवशी धावूच द्यायचा नाही. डॉक्टरला दाखव, आठ दिवस थांब, म्हणायचा. अकॅडमीवाल्या पोरांना ते पटायचं नाही. एकानं विचारलंही, फौजी असून असं कसं सांगतो? भाच्यानं त्याला उत्तर दिलं नाही, फक्त त्याचे बूट काढायला लावले आणि पाय दाबून बघितला.

सुट्टी संपली. त्याला आता थेट युनिटला, उत्तरेत जायचं होतं. एरवी स्टेशनवर पोचवायचं काम माझं. या वेळी दाजींनीच मोटारसायकल काढली, ट्रंक मागं दोरीनं बांधली, आणि मी दुसऱ्या गाडीवर मागून गेलो. चाळीसगावच्या फलाटावर उन्हानं पत्रा तडतडत होता. गाडी उशिरा होती. बाप-लेक एका बाकड्यावर बसले होते, मध्ये बहिणीनं दिलेला डबा. गाडीची घोषणा झाली तसे दाजी उठले, ट्रंकेची कडी ओढून पाहिली आणि एकदम म्हणाले, "तो तुना दोस्त पास झाया का?"

भाचा त्यांच्याकडं बघतच राहिला. त्या रात्री धाब्याच्या टोकाला उपरण्याखाली ते जागे होते, हे आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं.

"पुढच्या महिन्यात आहे, आप्पा. त्याच्या तुकडीची."

"पाय बरा शे का त्याना?"

"बरा आहे म्हणतो."

गाडी लागत होती, हमाल ओरडत होते, डब्याच्या दारात रेटारेटी सुरू झाली होती. दाजींनी ट्रंक स्वतः उचलून आत ढकलली आणि खिडकीच्या गजांतून आत तोंड घालून म्हणाले, "त्याले फोन लाव. सांग, मना बाप इचारस."